एका आण्याचा हिशेब

इसवी सन १८६९ साली मुंबई सरकारने एक कायदा करून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यावयाचे ठरविले. या आण्यास लोकल फंड असे नाव पडले. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने इतकी सारी कामे त्या एका आण्यातून व्हावयाची होती. त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे जाई, आणि उरलेल्यातून रस्त्यांची सोय लागल्यावर औषधपाण्याची पाळी येई. शेतकऱ्याने हा आणा आनंदाने दिला असे नव्हे, परंतु दिला खरा. आणि खेड्यातील माणसाचे आरोग्य व सरकारी पैसा यांचा पुढे जो संबंध जडला, त्याचे स्वरूप त्या आण्यातच पुष्कळसे दिसून येते. पैसा गावातून निघावा, वर जावा, आणि तो खाली कोठे व कशावर खर्च व्हावा हे गाव सोडून इतर सर्वांनी ठरवावे, असे ते स्वरूप होय.

खेड्यांच्या आरोग्याकडे आपल्या राज्यकर्त्यांनी कधी लक्षच दिले नाही, असे सुशिक्षितांच्या बोलण्यात वारंवार येते. आमच्या मते हा समज यथार्थ नाही. खेड्यांकरिता समित्या बसल्या, अहवाल निघाले, योजना झाल्या; आणि त्यांतील कित्येक योजना ज्यांनी आखल्या ते लोक विद्वान होते, कळकळीचेही होते. वाण पडली ती योजनांची नव्हे. तेव्हा इतिहास पाहू जाता दोनच प्रश्न धरून पाहावयाचे: पैशाची थैली कोणाच्या हाती होती, आणि गावात जो माणूस नेमला तो कोणास जबाबदार होता? या दोन प्रश्नांच्या उजेडात गेल्या दीडशे वर्षांतल्या घडामोडी वाचल्या म्हणजे, एरवी केवळ दुर्दैव वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींची संगती लागते.

इंग्रजी राज्यातील आरोग्यव्यवस्थेचा उगम शेतकऱ्याच्या झोपडीत नसून शिपायाच्या बराकीत आहे. सत्तावनच्या उठावानंतर १८५९ साली हिंदुस्थानातील फौजेच्या प्रकृतिमानाची चौकशी करण्यास एक शाही कमिशन नेमले गेले. त्याचा अहवाल १८६३ साली बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी तिन्ही इलाख्यांत आरोग्यविषयक कमिशने स्थापन झाली. छावणीच्या भोवतालची वस्ती स्वच्छ राहिली पाहिजे, कारण तेथला पटकी छावणीत शिरतो, इतक्यापुरतीच रयतेची आठवण प्रथम झाली. खेड्यात सरकारी आरोग्यखात्याचा जो एकमेव माणूस फिरे तो म्हणजे देवी टोचणारा. लोक त्यास देवीडॉक्टर म्हणत, आणि तो गावात शिरताच आया मुलांस घेऊन माळ्यावर लपत. त्याचे काम अत्यंत उपयुक्त होते यात संशय नाही. पण गावाने त्यास बोलाविले नव्हते, आणि देवीखेरीज दुसऱ्या कोणत्याही दुखण्यावर त्याच्याजवळ उपाय नव्हता. तापाने फणफणलेले मूल समोर असता, त्याच्या दंडावर टोचून पुढच्या गावी निघून जाणारा हा मनुष्य खेडुतास सरकारचा वाटला, आपला वाटला नाही, यात नवल ते काय?

लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि त्याला अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. नाव मोठे आशादायक होते. परंतु जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टरसाहेब, सभासदांत इनामदार, वकील आणि सावकार यांचा भरणा, आणि दवाखाना बहुधा तालुक्याच्या ठिकाणी. बारा कोसांवरच्या वाडीतील अडलेल्या बाळंतिणीस त्या दवाखान्याचा उपयोग किती? तिच्या घरचा आणा मात्र इतरांच्या आण्याबरोबरच जमा झालेला असे. जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे साक्ष देताना शिक्षणाच्या बाबतीत हीच गोष्ट स्पष्ट बोलून दाखविली होती. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामाचा आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांस, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शाळेच्या जागी दवाखाना घातला तरी त्या साक्षीतला युक्तिवाद रतिमात्र ढळत नाही.

१९१९ च्या सुधारणांनी या अन्यायात एक नवीन गंमत मिळविली. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यक ही खाती प्रांतांतील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविली गेली. जमीनमहसूल, पोलीस आणि वित्त ही खाती मात्र गव्हर्नरच्या राखीव बाजूस राहिली. स्वयंपाकघर एकीकडे आणि कोठाराची किल्ली दुसरीकडे अशी ही व्यवस्था होती. मंत्र्यांनी कामे करावी, त्यांच्या अपयशाबद्दल लोकांच्या शिव्या खाव्या, आणि पैशासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे. जबाबदारी खाली आणि अधिकार वर ही रीत येथे प्रथमच राज्यघटनेच्या भाषेत लिहिली गेली, आणि ती घटना गेल्यावरही मोडली नाही, हे पुढे दिसेलच.

१९३८ साली काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे प्रमुख कर्नल साहेबसिंग सोखी हे होते. हे गृहस्थ मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक, म्हणजे लसी आणि औषधे यांच्या शास्त्रात मुरलेले. तेव्हा त्यांनी मोठमोठ्या प्रयोगशाळा मागितल्या असत्या तर कोणास आश्चर्य वाटले नसते. परंतु या उपसमितीच्या अंतरिम अहवालावरून नियोजन समितीने १९४० साली जो ठराव केला त्यात दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक असावा, आणि त्यास स्वच्छता, प्रथमोपचार व साध्या औषधोपचाराचे व्यावहारिक शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. हजारास एक, हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची गाठ आपल्याला पुन्हा पडावयाची आहे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत असताना, हिंदुस्थान सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी व पुनर्रचना करण्यासाठी समिती नेमली. तिच्यात डॉ. बिधनचंद्र रॉय होते, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते, आणि आपल्याकडील कामगारपुढारी ना. म. जोशी हेही होते. तिचा अहवाल १९४६ साली चार खंडांत प्रसिद्ध झाला. आपल्या देशाच्या आरोग्यावर इतका साद्यंत आणि इतका निर्भीड ग्रंथ त्यापूर्वी झाला नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास. जन्मलेल्या हजार मुलांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत. ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. सरकारने नेमलेल्या समितीनेच सरकारच्या तोंडावर हे आकडे ठेवले. आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही मनुष्य योग्य उपचारास मुकू नये, हे तत्त्व तिने आरंभीच मांडले.

समितीची दीर्घ पल्ल्याची योजना आज वाचताना डोळे दिपतात. दहा ते वीस हजार वस्तीस पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय, त्याच्यावर साडेसहाशे खाटांचे, आणि तीस लक्ष वस्तीच्या जिल्ह्यास अडीच हजार खाटांचे. हे सारे एकदम होणे नाही हे ओळखून पहिल्या टप्प्यासाठी तिने दर चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. तेथे दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार प्रशिक्षित दाया आणि चार सुइणी असाव्यात. सरकारच्या एकूण खर्चापैकी निदान शेकडा पंधरा आरोग्याकडे यावेत. आणि गावोगावी पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी. या शेवटच्या सूचनेकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. आमच्या ग्रंथालयातील प्रतीत खाटांच्या आणि पगारांच्या कोष्टकांवर पेन्सिलीच्या पुष्कळ खुणा आहेत. ग्रामसमितीच्या परिच्छेदापाशी एकही नाही.

या थोर अहवालाविषयी पूर्ण आदर बाळगूनही त्यातील एका निर्णयाबद्दल आम्हांस बोलणे भाग आहे. त्या काळी देशातील निम्म्याहून अधिक डॉक्टर पदवीधर नसून परवानाधारक होते. मुंबई इलाख्यात एल. सी. पी. एस. म्हणून जे ओळखले जात ते हेच. यांचे शिक्षण आखूड, खर्च कमी, आणि म्हणून तालुक्याच्या गावी, प्रसंगी बाजाराच्या खेड्यातही, जाऊन बसणारे हेच. समितीने हा वर्ग बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर तयार करावा असे ठरविले. सर्वच सभासदांस हे पटले नव्हते. काहींनी आपली भिन्न मते नोंदविली आहेत. बहुमताचा हेतू शुद्ध होता: खेड्यास शहराहून हलका डॉक्टर का द्यावा? पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचे महाविद्यालय झाले तेही १९४६ सालीच. परंतु परिणाम असा झाला की खेड्याला हलका डॉक्टर मिळावयाचा बंद झाला आणि भारी डॉक्टर आला नाही. समतेचे तत्त्व शहरात बसून अमलात आणले म्हणजे ते कधी कधी असे उलटते. सोखी समितीने ज्यास हजारी एक म्हटले होते तो साधा सेवक तर या आराखड्यात मागेच पडला होता.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. भोर समितीने चाळीस हजारांस एक केंद्र मागितले होते. प्रत्यक्षात ते एका विकासगटास एक असे मिळाले, आणि विकासगटाची वस्ती साठ हजारांपासून लाखाच्या घरात. दोन डॉक्टरांच्या जागी एक, आणि तोही बदलीच्या खटपटीत. पहिल्या पंचवार्षिक योजनेत आरोग्याच्या वाट्यास शेकडा सव्वातीनच्या आसपास रक्कम आली. शेकडा पंधराचा आकडा अहवालातच राहिला.

येथे घटनेचा एक मुद्दा सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून पुढचे समजावयाचे नाही. १९५० च्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा विषय राज्यांच्या यादीत आहे. परंतु वाढत्या उत्पन्नाची मोठी साधने केंद्राकडे. केंद्राने मग राज्यांना पैसा दिला तो विशिष्ट कार्यक्रमांच्या नावे दिला. हिवतापाचा पैसा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा. प्रत्येकाचे लेखाशीर्ष स्वतंत्र, नोकर स्वतंत्र, नोंदवही स्वतंत्र. गावातील एकाच ओसरीवर एके दिवशी हिवतापवाला येऊन रक्ताचा थेंब घेई, दुसरे दिवशी देवीवाला डाग पाही, आणि तिसरे दिवशी कुटुंबनियोजनवाला मुले मोजी. आणि त्या ओसरीच्या आत म्हातारी दम्याने कासावीस झालेली असे ती कोणाच्याच वहीत बसत नसे.

या पद्धतीस यश आले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. देवीचा रोग १९७५ साली देशातून गेला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. हिवतापाचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. १९५३ साली मोहीम सुरू झाली तेव्हा देशात वर्षास साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि सुमारे आठ लक्ष मरत, असा अंदाज होता. घराघरांतून डी. डी. टी. फवारली गेली, आणि १९६५ साली रुग्णांची संख्या एक लाखावर आली. मृत्यू एकही नोंदला गेला नाही. आता पुढचे काम असे होते की फवाऱ्याची फौज काढून घ्यावी आणि पहारा प्राथमिक आरोग्य केंद्रांनी ठेवावा. पण पहारा ठेवणार कोण? फौजेवर पैसा ओतला जात असता केंद्रे रिकामीच राहिली होती. डासांस डी. डी. टी. पचू लागली, तिचा पुरवठाही अपुरा पडू लागला, आणि १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लक्षांवर गेली. वरून आलेल्या पैशाने गावातला रोग हटविता आला. रोग परत येऊ न देणारी माणसे गावात उभी करण्याचा खर्च कोणत्याच लेखाशीर्षात नव्हता.

त्याच साली दुसरी गोष्ट घडली, तिचा उल्लेख करताना लेखणी अडखळते. कुटुंबनियोजनाचा संपूर्ण पैसा केंद्राचा होता, आणि त्याबरोबर उद्दिष्टांचे आकडे येत. आणीबाणीत त्या आकड्यांनी वेताच्या छडीचे रूप घेतले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ब्याऐंशी लक्षांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांस माणसे आणून देण्याचे हुकूम सुटले. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, इतकेच. आरोग्यखात्याची नर्सबाई वाडीत आली की बायका दारे लावून घेत, असे आमच्या पिढीने ऐकले आहे. शंभर वर्षांपूर्वी देवीडॉक्टरास पाहून आया माळ्यावर चढत, त्यातून आपण किती पुढे आलो होतो?

याच दशकात नगर जिल्ह्यातील जामखेड येथे निराळा उद्योग चालू होता. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली त्या कोरड्या मुलखात येऊन बसले. १९७२ च्या दुष्काळात औषधापेक्षा पाणी आणि अन्न यांचीच निकड अधिक, हे त्यांनी ओळखले आणि कामाचा क्रमही तसाच लावला. गावांनी निवडून दिलेल्या बायका, बहुधा निरक्षर आणि पुष्कळशा दलित किंवा भूमिहीन घरांतल्या, दर आठवड्यास जामखेडला येत, शिकत, आणि परत जाऊन आपल्याच आळीत काम करीत. बाळंतपण, हगवण, मुलांचे खाणे, पाणी उकळणे, यांत त्या तयार झाल्या. या बाईची चूक झाली तर विचारणारे लोक तिच्या दाराशी होते. तिला बढती किंवा बदली देणारा साहेब कोणी नव्हता. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मात्र जामखेडचे गोडवे गाताना हेही सांगितले पाहिजे की त्यामागे देणग्यांचा पैसा आणि दोन असामान्य माणसांचे आयुष्य होते. ते सरकारी परिपत्रकाने कोठेही उगवेल असे मानणे भाबडेपणाचे.

परिपत्रकाने ते उगवण्याचा प्रयत्न मात्र झाला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने जनस्वास्थ्य रक्षकांची योजना काढली: हजार वस्तीस एक रक्षक, गावाने निवडलेला, तीन महिने शिकविलेला, महिना पन्नास रुपये मानधन आणि औषधांची पेटी. सोखी समितीचा आकडा सदतीस वर्षांनी जमिनीवर आला, आणि आला तो विपरीत वेषात. निवड गावाची म्हणजे व्यवहारात गावातल्या वजनदारांची. रक्षक बहुतेक पुरुष, त्यांस बाळंतिणीच्या खोलीत कोण घेणार? मानधन वरून येई, म्हणून त्यांचे तोंड वरच वळले. खर्चाचा निम्मा भाग राज्यांनी सोसावा असे ठरताच कित्येक राज्यांचा उत्साह ओसरला; मग ती योजना कुटुंबकल्याणाच्या पैशात बसविण्यात आली, आणि गावचा रक्षक पुन्हा एकदा लेखाशीर्षाचा सेवक झाला.

१९८१ साली भारतीय सामाजिकशास्त्र संशोधन परिषद आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त समितीने सर्वांसाठी आरोग्य या विषयावर अहवाल दिला. अध्यक्ष डॉ. रामलिंगस्वामी; पण त्यामागची एक मोठी प्रेरणा कोल्हापूरकडचे आपले जे. पी. नाईक यांची होती. आरोग्यसेवा लोकांच्या हाती सोपवावी, तिचा पाया गावात असावा, हे त्या अहवालाइतके ठामपणे क्वचितच कोणी मांडले असेल. नाईक त्याच वर्षी वारले.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ पासून जे काम केले त्याने या वादात एक पुरावा आणला. वादात पुरावा येणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट असल्यामुळे तिचे मोल अधिक. एकोणचाळीस गावांत थोडेसे शिकलेल्या बायकांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यास त्यांनी शिकविले. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आले, आणि तो वृत्तांत १९९९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापला गेला. गावातील बाईस हे जमणार नाही, हा जो पदवीधरांचा जुना आक्षेप, तो तेथे संपला. या कामातील घरभेटींचा भाग केंद्र सरकारने २०११ साली देशभर स्वीकारला.

तोवर १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालेले होते. आमच्या समजुतीप्रमाणे १८६९ नंतरच्या इतिहासात पैशाच्या बाबतीत खरोखर नवीन असे काही घडले असेल तर ते या अभियानातील एका कलमात. प्रत्येक उपकेंद्रास वर्षास दहा हजार रुपये, प्रत्येक गावच्या आरोग्य समितीस दहा हजार, प्राथमिक आरोग्य केंद्रास पंचवीस हजार. आणि हा निधी अबंधित, म्हणजे कशावर खर्च करावयाचा हे वरून न सांगितलेला. भोर समितीची पाच-सात जणांची ग्रामसमिती साठ वर्षांनी अवतरली आणि तिच्या हाती प्रथमच थैली आली, मग ती कितीही लहान असो. हजार वस्तीस एक आशा कार्यकर्ती नेमली गेली, ती बाई, आणि गावातलीच.

परंतु सवय मोठी चिवट असते. अबंधित निधी कसा खर्च करावा याविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या, मग सूचनांचे स्पष्टीकरण, मग प्रपत्रे. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही म्हणून पुढला हप्ता थांबला, आणि हप्ता वर्षअखेरीस आला म्हणून तो खर्च झाला नाही, हे चक्र सुरू झाले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात राज्यांच्या आरोग्य संस्थांकडे पडून राहिलेल्या रकमेचा आकडा दिला आहे: २०११-१२ साली सत्तावीस राज्यांत मिळून ७,३७५ कोटी, आणि २०१५-१६ साली ९,५०९ कोटी. ज्या देशाच्या २००२ च्या आरोग्य धोरणाने सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा एकाहूनही कमी असल्याचे कबूल करून २०१० पर्यंत तो दोनांवर नेण्याचे, आणि २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीचांवर नेण्याचे योजिले, त्या देशात आहे तेच पैसे शिल्लक राहत होते! मग वित्तखात्याचा अधिकारी म्हणे, दिलेले खर्चिता येत नाही तर अधिक कशास? हा प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. वस्तुतः रिकाम्या जागा, उशिरा सुटणारे हप्ते आणि न हलणारी शीर्षके यांनी निर्माण केलेले दारिद्र्य दाखवून त्याच दारिद्र्याचे समर्थन करण्याचा तो प्रकार आहे. घागर उशिरा भरून द्यावयाची आणि पीक वाळले म्हणून पाणी बंद करावयाचे, यातलीच ही गोष्ट.

आशा कार्यकर्तीची कथाही निराळी नाही. तिला नोकर म्हणावयाचे नाही, स्वयंसेविका म्हणावयाचे. पगार द्यावयाचा नाही, कामागणिक मोबदला द्यावयाचा. रुग्णालयातील बाळंतपणास इतके, लसीकरणास इतके. ज्या कामाला मोबदला आहे ते होते आणि दम्याची म्हातारी पुन्हा वहीबाहेर राहते. महासाथीच्या काळात घरोघर फिरून, जिवावर उदार होऊन काम केल्यावर जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना आपल्या मोबदल्यासाठी संप करावा लागला, हे वाचकांस आठवत असेल.

खेड्याच्या हाती पैसा द्या म्हटले की शहाणी माणसे लगेच सांगतात, सरपंच खाईल. ही भीती खोटी नव्हे. जनस्वास्थ्य रक्षकांच्या निवडीत काय झाले ते आम्हीच वर सांगितले आहे. शिवाय जेथे गरिबी अधिक तेथे आजार अधिक आणि कर देण्याची ताकद कमी, तेव्हा लोकल फंडाप्रमाणे गावचा खर्च गावानेच उभारावा हे तर निव्वळ क्रौर्य होईल. पैसा देशाचाच पाहिजे. प्रश्न आहे तो त्याच्या खर्चावर नजर कोणाची असावी हा. २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत, म्हणजे पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद येथे, लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनीच आपल्या उपकेंद्रास व दवाखान्यास हिरवा, पिवळा, तांबडा असे शेरे द्यावयाचे, आणि मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी व गावकरी यांनी समोरासमोर बसावयाचे. औषध बाहेरून आणावयास का लावले, नर्सबाई मुक्कामास का राहत नाहीत, असे प्रश्न भर सभेत विचारले गेले. कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जुन्या जिल्हा बोर्डात हे प्रश्न विचारणारा कोण होता? केरळात तर १९९६ पासून राज्याच्या योजनेतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक पैसा स्थानिक संस्थांकडे गेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायतींच्या देखरेखीखाली आली. आपल्याकडे १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत आणि ही केंद्रे त्यांच्याकडेच आहेत. पण डॉक्टर राज्याच्या सेवेतला आणि पैसा शीर्षकाने बांधलेला, म्हणून परिषदेच्या वाट्यास बहुधा इमारतीची रंगसफेदीच आली.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. स्थानिक संस्थांच्या नावे आरोग्यासाठी इतकी मोठी रक्कम यापूर्वी निघाली नव्हती. कशासाठी, तेही त्याबरोबरच ठरले: इमारत नसलेल्या उपकेंद्रांच्या इमारती, गटपातळीवरची आरोग्य पथके, तपासणीची साधने. नाव पंचायतीचे आणि शीर्षक दिल्लीचे. ग्रामसमितीचे ते दहा हजार रुपये मात्र २००५ नंतर कित्येक वर्षे दहा हजारच राहिले. हजार वस्तीच्या गावात दर माणशी वर्षास दहा रुपये. त्या खात्यास दोन सह्या लागतात, एक पंचायतीच्या सभासदाची आणि दुसरी गावातल्या सेविकेची. आणि जेथे या दोन सह्या वेळेवर होतात तेथे मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीस तालुक्याला नेण्याकरिता जीपचे भाडे कोणाची परवानगी न मागता देता येते.